आयर्लंडच्या किनाऱ्यावर एक खून रचायचा आहे, अडले आहे

सुरंगी

उबदार रहस्यकथा, ज्यांना कोझी म्हणतात त्या, मी गेली सात-आठ वर्षं नेमाने वाचते. खून पहिल्या वीस पानांत होतो, रक्त फारसं दिसत नाही आणि शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसून गावातलीच कोणी चौकस बाई असते. त्यातही आयर्लंडच्या समुद्रकाठच्या गावांतल्या कथा मला सर्वांत जास्त ओढतात आणि सर्वांत जास्त निराशही करतात. कारण गाव बहुतेकदा चित्रापुरतं असतं. रंगीत दारं, पबातलं फिडल, धुकं. ते गाव उचलून दुसरीकडे ठेवलं तरी खून तसाच्या तसा होईल. मला असा खून हवा आहे, जो फक्त तिथेच होऊ शकेल.

दोन वर्षांपूर्वी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्यातल्या कॉनेमारात आठ दिवस राहिले होते. क्लॅडाडफ गावासमोर ओमी नावाचं बेट आहे. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि खुणांच्या रांगेने लोक चालत, गाडीनेही पलीकडे जातात. भरतीला ती वाट पूर्ण पाण्याखाली. तेव्हापासून ही कथा डोक्यात आहे. गाव काल्पनिकच ठेवेन, नावं नंतर.

मांडणी अशी: नोव्हेंबर महिना, पौर्णिमेची रात्र. बेटावर एकटा राहणारा सत्तरीचा अविवाहित शेतकरी, थोड्या मेंढ्या, एक कुत्रा. सकाळी तो वाळूवर मेलेला सापडतो. संशय पुतण्यावर. हा बॉस्टनमध्ये वाढलेला, महिन्याभरापूर्वी आलेला, जमीन त्यालाच मिळणार. तो रात्री साडेदहाला पबातून निघाला, पुढचं कोणी पाहिलं नाही. तो म्हणतो, "बेटावर जाणार कसा? त्या वेळी वाट पाण्याखाली होती." हे खरंच आहे, कारण पौर्णिमेला मध्यरात्री पूर्ण भरती. मी दापोलीकडची, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला आजोबांनी शिकवलंय. म्हणजे पुतण्या सुटला. मग मारलं कोणी आणि तो खुनी तरी बेटावर गेला कसा? इथे चार महिने अडले आहे.

गॉलवेकर

सुरंगी, धागा आवडला. अकरा वर्षं गॉलवेत आहे, म्हणून आधी एक मोठी दुरुस्ती. तुमचा पाऊणपटीचा हिशोब कोकणात बरोबर, इथे नाही. चंद्र डोक्यावर आल्यावर किती वेळाने भरती येते, हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. गॉलवेच्या बाजूला पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. म्हणजे रात्री अकरा-बाराला ओहोटी, तीही उधाणाची, पाणी लांबवर गेलेलं. तुमच्या खुनाच्या रात्री ती वाट कोरडी ठणठणीत होती. अंगणातून जावं तसं कोणीही गेलं असतं.

म्हणजे पुतण्या खोटं बोलतोय. आणि गावातल्या शाळकरी पोरालाही ते कळेल.

सुरंगी

बाप रे. चार महिने मी कोकणातला चंद्र आयर्लंडवर टांगून बसले होते. आता सगळंच कोसळलं.

लिंबूटिंबू

पण मग सोपं झालं की! पुतण्याच खुनी.

गॉलवेकर

सोपं झालं तर रहस्य कसलं?

एक सांगतो, वापरता येईल का बघा. इथल्या पोलिसांना लोक गार्ड म्हणतात. १९२२ साली हे दल उभं राहिलं आणि गणवेशातले गार्ड आजही बहुतांशी बिनहत्यारी असतात. त्यांना सहसा स्वतःच्या घरच्या भागात नेमत नाहीत. म्हणजे तुमचा सार्जंट बाहेरचा, समजा डब्लिन शहरातला. तो पबात उभा राहून पुतण्याचा जबाब घेतोय, "वाट पाण्याखाली होती" हे वहीत लिहून घेतोय. आजूबाजूला पंधरा माणसं बसली आहेत. प्रत्येकाला माहीत आहे की वाट कोरडी होती. आणि कोणीही बोलत नाही.

हे मी इथे पाहिलंय, अर्थात खुनाच्या बाबतीत नाही. गावात गुपित असं फारसं नसतं. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, ते कोणासमोर बोलायचं नाही एवढंच ठरलेलं असतं, आणि तेही कोणी कधी उघड ठरवलेलं नसतं.

सुरंगी

गॉलवेकर, हा प्रसंग मी घेतला. अंगावर काटा आला. ती पंधरा माणसं गप्प का, हेच पुस्तक आहे.

दोन सुया

मी विणकामवाली, म्हणून माझं घोडं दामटते. प्रेताची ओळख स्वेटरवरून पटते असं दाखवू नका, प्लीज. अॅरन बेटांवर प्रत्येक घराण्याची स्वेटरची वीण वेगळी आणि बुडालेला माणूस त्यावरून ओळखत, ही गोष्ट दुकानांनी इतकी पसरवली आहे की लोकांना ती खरीच वाटते. तशी घराण्यांची नोंद कधी नव्हती. तिचं मूळ बहुधा आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या १९०४ सालच्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेत आहे, आणि तिथे तर स्वेटर नाहीच, मोजा आहे. बहीण टाके मोजते. तीन विसा टाके घातले होते आणि त्यातले चार सुटले होते, म्हणजे हा आपल्याच भावाचा.

फरक बारीक वाटेल, पण मला तो फार मोठा वाटतो. घराण्याचा नमुना हे चिन्ह झालं. सुटलेले चार टाके ही एका बाईच्या हातून एका संध्याकाळी झालेली चूक आहे. विणणारी आपला नमुना विसरेल, आपली चूक विसरत नाही. मी वीस वर्षांपूर्वी विणलेला स्वेटर लोकलच्या गर्दीत पाठीवरून ओळखला आहे, खांद्याजवळ टाके कमी करताना झालेल्या चुकीमुळे.

न्यायवैद्यक

वाचतोय. शवचिकित्सेच्या बाजूने थोडं.

कोणी विष सुचवेल म्हणून आधीच सांगतो, तिथे विषाला तोटा नाही. ओहोळांच्या काठाला पाणवठ्याचा हेमलॉक वाढतो. त्याची मुळं पांढऱ्या गाजरासारखी दिसतात, वादळानंतर कधी किनाऱ्यावरही येऊन पडतात आणि अत्यंत जहाल असतात. फॉक्सग्लोव्ह तर बांधाबांधावर. आणि शिंपल्यांचं विष: १९९५ साली नेदरलँड्समध्ये काही लोक शिंपले खाऊन आजारी पडले. ते शिंपले कॉनेमाराच्या उत्तर टोकाच्या किलरी खाडीतले होते, आणि त्यातूनच अझास्पिरॅसिड नावाचं नवं विष शास्त्रज्ञांना सापडलं. शिजवून ते जात नाही. पण त्याने पोट बिघडतं, माणूस मारायला ते कामाचं नाही. वाचकाला दोन प्रकरणं चकवण्यापुरतं ठीक.

तुमच्या कथेत मला साधं ढकलणं योग्य वाटतं. शेवाळलेल्या दगडी धक्क्यावरून पडला, डोकं आपटलं, पहाटेच्या भरतीने उचललं. डोक्यावरची जखम मारल्याची की पडल्याची, हे ठरवणं अवघड. पाण्यात सापडलेला माणूस बुडून मेला हेही इतर कारणं एकेक करून वगळल्यावरच म्हणता येतं. आणि गार पाण्यात राहिलेल्या देहावरून मृत्यूची वेळ सांगणं जवळपास अशक्य. म्हणजे वेळ डॉक्टर सांगणार नाही, भरती-ओहोटीच सांगेल. संशयास्पद मृत्यूसाठी राज्याचा शवचिकित्सक डब्लिनहून येतो, तोवर देह हलवायचा नाही असा शिरस्ता. पण तुमचा देह भरतीरेषेजवळ आहे, समुद्र थांबणार नाही. सार्जंटला निर्णय घ्यावा लागेल. तो प्रसंग जरूर लिहा.

दर्यावर्दी

हर्णैचा आहे, घरची होडी होती. आजोबांनी शिकवलेलं चुकीचं नाही गं सुरंगी, आपल्या पाण्याचं ते अगदी बरोबर आहे. दुसऱ्याच्या पाण्यात ते चालत नाही, एवढंच.

पण काल रात्रभर एका गोष्टीने झोप लागली नाही. पुतण्या बॉस्टनचा, असं लिहिलंयस. मी काही वर्षं मालवाहू जहाजावर होतो, बॉस्टन बंदरात गेलोय. तिथे पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या आसपास येते, दुपारी आणि मध्यरात्री. आपल्यासारखीच! म्हणजे तू जी चूक केलीस, नेमकी तीच तो करणार. पौर्णिमा दिसली, मध्यरात्र होती, म्हणजे पाणी भरलेलं असणार. हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. तो खोटं बोलत नाहीये. त्याला तसं खरंच वाटतंय.

आणि आता याच्या पुढचं बघ. जो माणूस त्या रात्री वाळूवर गेला, त्याने कोरडी वाट डोळ्यांनी पाहिली. तो कधीच म्हणणार नाही की वाट पाण्याखाली होती. हे फक्त तोच म्हणेल, जो त्या रात्री तिकडे फिरकलाच नाही.

त्याची चुकीची साक्ष हाच त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा आहे.

गॉलवेकर

दर्यावर्दी, मी हे वाचून खुर्चीतून उठलो.

लिंबूटिंबू

मला दोनदा वाचावं लागलं. पण आता कळलं आणि फार भारी वाटलं.

सुरंगी

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) मी अक्षरशः रडले. माझी चूकच कथेची किल्ली निघाली. आणि आता त्या पंधरा माणसांच्या गप्प बसण्याला वेगळंच वजन आलं. त्यांना वाटतंय की हा परका पोरगा खोटं बोलतोय, बोलू दे. त्यांच्यातल्या एखाद्याला तरी ते दुसरं कळलं असेल, की ज्याला वाट कोरडी होती हे माहीत नाही तो तिथे गेलेलाच नाही. त्याने तोंड उघडलं तर पुतण्या सुटेल. पण मग सार्जंट पुढचा प्रश्न विचारेल, मग गेलं कोण? त्याचं उत्तर आपल्यातलं कोणी तरी आहे.

आता हेतू हवा. पैसा नको, जुनं प्रेमप्रकरण नको.

सातबारा

जमीन. दुसरं काय असणार.

मी इथे जमिनीचेच दावे चालवतो, त्यामुळे तिकडच्या कायद्यातही डोकावलोय. १९६५च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता मेलेल्या अविवाहित, निपुत्रिक माणसाचे आईवडील हयात नसतील, तर मालमत्ता भावंडांकडे जाते आणि आधी गेलेल्या भावाचा वाटा त्याच्या मुलांकडे. म्हणजे पुतण्या वारस बरोबर. पण खून करणाऱ्याला त्याच कायद्याने वाटा मिळत नाही, त्यामुळे तो अडकला तर सगळं हातचं जाईल.

खरा हेतू मात्र घरबांधणीच्या परवानगीत शोधा. तिकडे निसर्गरम्य किनारपट्टीवर घर बांधायची परवानगी मिळणं फार कठीण. गावाशी नातं, तिथली गरज, हे सिद्ध करावं लागतं. अर्ज केला की जागेवर नोटीस लावायची, आणि पाच आठवड्यांच्या आत कोणीही २० युरो भरून लेखी हरकत घेऊ शकतो. ती हरकत नावानिशी उघडी असते, कोणीही वाचावी.

कल्पना करा: समोरच्या किनाऱ्यावर एक शेजारीण. विधवा. एकुलती मुलगी नर्स, तिला आईच्या शेतात छोटं घर बांधायचंय. परवानगी नाकारली तर ती ऑस्ट्रेलियाला जाणार, तिच्या वर्गातल्या निम्म्या गेल्याच आहेत. आणि म्हातारा बेटावरून हरकत घेतो. कारण? त्याच्या मेंढ्यांची पिढीजात वाट त्या शेतातून जाते. दोघांचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात ती काही चार इंच मातीसाठी नाही फुटत. कॉनेमारात तर काही जमिनींच्या कागदांत समुद्रातलं शेवाळ कापायचा हक्कसुद्धा लिहिलेला असतो. इतकं मोजून-मापून जगलेली माणसं आहेत ही.

आणि हे अगदीच कपोलकल्पित नाही. केरी परगण्यात १९५८ साली बांधाच्या भांडणात एका शेतकऱ्याचा खून झाला. तो आजवर कोर्टात सिद्ध झालेला नाही.

अबोली

सगळ्यांचा उत्साह दिसतोय, तरी मला एक बोलायचं आहे. रागावू नका.

२३ डिसेंबर १९९६ला वेस्ट कॉर्कमधल्या स्कल गावाजवळ सोफी तोस्काँ द्यू प्लांतिए या फ्रेंच निर्मातीचा खून झाला. शवचिकित्सक दुसऱ्या दिवशी पोहोचला, तोवर देह उघड्यावर होता. आयर्लंडमध्ये त्यासाठी कोणावर खटलाच उभा राहिला नाही. २०१९मध्ये पॅरिसच्या कोर्टाने एका माणसाला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं, पण आयर्लंडने त्याला फ्रान्सच्या हवाली केलं नाही. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा पुढे आईविना वाढला. समुद्रकाठचं देखणं गाव, पब, सगळे सगळ्यांना ओळखतात, सगळं तेच. उबदार त्यात काही नव्हतं. मग आपण अशा जागी खून 'रचतो' तेव्हा नक्की काय करतो?

सुरंगी

अबोली, रागावण्यासारखं यात काहीच नाही. दोन दिवस विचार केला, मग लिहितेय.

मला वाटतं, कोझी कथा जिथे चुकतात ते नेमकं हेच. मेलेला माणूस त्यांना कोडं सुरू करण्यापुरता हवा असतो. बहुधा तो दुष्ट असतो, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. मी तसं करणार नाही. माझ्या म्हाताऱ्याला एक अख्खं प्रकरण देईन, तो जिवंत असतानाचं. आणि त्याचं वेक लिहीन. चौकशी संपून देह घरी येतो, पुढच्या खोलीत ठेवतात. आरसा झाकलेला, घड्याळ थांबवलेलं. सगळं गाव रांगेने येतं, घरच्यांचा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणतं आणि चहा-सँडविच घेऊन बसतं. घरचं माणूस कोण, तर एकटा पुतण्या. ज्यांनी त्याला फशी पडू दिलं, ते एकेक करून त्याचा हात हातात घेतात. शेजारीणही येते. तिला यावंच लागतं, न येणंच डोळ्यांवर येईल.

आणि ती दुष्ट नाही. त्या रात्री कोरड्या वाटेने ती त्याला विनवायला गेली होती, हरकत मागे घे म्हणून. धक्क्यावर बोलणं वाढलं, तिने ढकललं. मग ती पळाली. तो तेव्हा जिवंत होता आणि भरती यायला पाच तास होते. तिचा गुन्हा तो आहे. धक्का एका क्षणाचा होता, ते पाच तास नव्हते.

न्यायवैद्यक

हे पाच तास फार भारी आहेत. वैद्यकीयदृष्ट्याही शक्य. डोक्याला मार, बेशुद्ध, गार वाळू, मग पाणी.

गॉलवेकर

शोध कोण घेणार? माझं मत पोस्टमास्तरणीला. इथे २०१५पर्यंत घरांना पिनकोडसारखा कोडच नव्हता आणि खेड्यांत घर क्रमांक आजही नसतात. एकाच आडनावाची सहा-सहा घरं, पत्रावर फक्त नाव आणि शिवाराचं नाव. कोणाचं पत्र कोणाचं, हे पोस्टालाच ठाऊक. तिला घरबांधणीची परवानगी देणाऱ्या परिषदेचं पाकीट कोणाच्या घरी कधी गेलं हेही माहीत असणार. शिवाय कोण गेलं हे स्थानिक रेडिओवर वाचतात तेव्हा काउंटरवरचं सगळं काम थांबतं, तिथे चेहरे बघायला मिळतात.

दोन सुया

आणि ती विणते! तिनेच विणलेली टोपी वाळूवर सापडू दे. चर्चच्या विक्रीत तिने विकलेल्या वीस टोप्यांपैकी एक, सगळ्या दिसायला सारख्या. पण या एकीत वरच्या बाजूला, टाके कमी करताना, एक चूक झाली होती. ती विणली तेव्हा नवरा दवाखान्यात होता. आणि ती टोपी कोणी नेली, तेही तिला आठवतं.

अबोली

मग ती गप्प राहणाऱ्यांतलीच एक झाली. तिला ठरवावं लागेल. आता मला ही कथा वाचायची आहे.

सुरंगी

शेवटचा प्रसंग दिसतोय. मृत्यूनंतर महिन्याने त्याच्यासाठी चर्चमध्ये पुन्हा मास, म्हणजे प्रार्थना होते, ती आटोपून लोक पोस्टात आलेत, पेन्शनचा दिवस. शेजारीण रांगेत आहे. पोस्टमास्तरीण पैसे मोजून देते आणि त्यांच्या शेजारी ती टोपी ठेवते. धुऊन, चूक दुरुस्त न करता. काही विचारत नाही. मागे आठ माणसं उभी आहेत आणि या वेळी त्यांच्यातलं कोणी तरी बोलतं. कोण बोलतं ते मला अजून माहीत नाही.

एक अडचण उरली आहे. टोपी तिला खुनानंतर आठवड्याने सापडायला हवी. तोवर समुद्र ती घेऊन नाही का जाणार? आणि ती त्याच रात्रीची कशावरून, आधी-नंतर पडलेली असू शकेल.

दर्यावर्दी

काका चालेल.

टोपी अडचण नाही, उलट पक्का पुरावा आहे. पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत वर चढतं, पुढचे एक-दोन दिवस आणखी थोडं. तिथे शेवाळाची, काटक्यांची एक रेघ राहते. मग भांग लागतो, पाणी रोज थोडं खाली थांबतं. वरच्या रेघेतली वस्तू आता कोणी हलवत नाही, पुढच्या अमावास्येच्या उधाणापर्यंत. आठवड्याने टोपी वरच्या रेघेत, शेवाळात गुंतलेली सापडली, तर ती त्या पौर्णिमेच्या पाण्यानेच तिथे आणली. फक्त त्या आठवड्यात मोठं वादळ दाखवू नकोस, आणि पोस्टमास्तरणीला अमावास्येच्या आधी वाळूवर पाठव.